तिकांडं

माझ्या दादीला घड्याळ कळत नव्हतं, पण रमजानमध्ये आमच्या गल्लीला सहरीसाठी तीच उठवायची. अब्बा सांगतात ती गोष्ट 1966-67 सालची. तेव्हा रमजान डिसेंबरात आला होता. दादी पहाटे गोधडी पांघरून अंगणात यायची, पश्चिमेला एका ओळीत उभे असलेले तीन तारे बघायची आणि दारोदार कड्या वाजवत जायची, ‘‘उठो, तिकांडा झुक गया.’’

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरत फिरत तेहतीस वर्षांनी जुन्या जागी येतो. 1999 ला तो पुन्हा डिसेंबरात आला. मी दहा वर्षांचा होतो. घरात गजराचं घड्याळ होतं, मशिदीवर भोंगा होता, पण दादी सवयीनं अंगणात यायचीच. एका पहाटे तिनं मलाही बाहेर नेलं, माझा हात सरळ ताणून धरला आणि बोट आडवं करून म्हणाली, ‘‘दो रोजे, एक उंगली.’’ म्हणजे दर दोन रोजांमागं तिकांडं एक बोट खाली उतरतं. पहिल्या रोजाला ते बऱ्यापैकी वर असायचं, ईद जवळ आली की शेजारच्या धाब्याला टेकायचं. हे तिला कुणी शिकवलं होतं माहीत नाही. कोणताही तारा रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो आणि मावळतो, हे मी पुढं भूगोलात शिकलो. दादीचं बोट आणि पुस्तकातली चार मिनिटं, दोन्हींचा हिशेब जवळपास एकच निघतो.

तिकांडं म्हणजे मृग नक्षत्राच्या मधले तीन तारे. आपल्या गोष्टीत हे हरणाच्या पोटात घुसलेला बाण आहेत. बाण मारणारा व्याध त्यांच्याच रेषेत खाली आग्नेयेला चमकतो. चार कोपऱ्यांना चार तारे, ते हरणाचे पाय. या हरणाचं नाव आमच्या शेतकऱ्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त येतं ते जूनमध्ये. सात-आठ जूनला मृग निघाला की पेरणीची घाई. गंमत अशी, की त्या दिवसांत मृग दिसतच नाही. सूर्य तेव्हा त्याच्याजवळ असतो, त्यामुळे ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवतं आणि मावळतं. ज्या नक्षत्राच्या नावानं अख्खा मराठवाडा आभाळाकडं बघतो, ते बघायचं तर हिवाळाच यावा लागतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चार वर्षांपूर्वी एक जुना कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो घराच्या गच्चीवरून तिकांड्याचाच काढला. 50 मिलिमीटरची लेन्स, सहा सेकंदांचं एक्स्पोजर. याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळं ताऱ्यांच्या रेघा होतात. फोटोत तिकांड्याच्या खाली आणखी तीन पुसट ठिपके लोंबताना दिसले. त्यातला मधला ठिपका मोठा करून पाहिला तर तो ठिपका नव्हताच. तो गुलाबीसर डाग होता. मला वाटलं लेन्सवर बोट लागलं असेल. पुसून पुन्हा काढला. डाग तिथंच होता.

तो मृगातला मोठा तेजोमेघ, शास्त्रज्ञांच्या यादीतला एम 42. धूळ आणि वायूचा ढग, ज्यात नवे तारे जन्माला येतात. आपल्यापासून सुमारे तेराशे ते साडेतेराशे प्रकाशवर्षं लांब. म्हणजे माझ्या गच्चीवर पोचलेला तो उजेड हिजरी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास तिथून निघालेला. काळोखी रात्र असेल तर नुसत्या डोळ्यांनाही तो ढग अंधूकसा कळतो, पण दुर्बीण येण्याआधी कुणी त्याची ढग म्हणून नोंद केलेली सापडत नाही. 1610 साली फ्रान्समधल्या पेरेस्क यांनी तो दुर्बिणीतून पाहिला. त्याचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी अमेरिकेत 30 सप्टेंबर 1880 ला काढला. तेव्हा 51 मिनिटं काच उघडी ठेवावी लागली होती.

त्या गुलाबी डागानं मला वेड लावलं. मग सामान जमत गेलं. पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेनं कॅमेरा हळूहळू फिरवणारा ट्रॅकर जुना विकत घेतला. हे तेजोमेघ बहुतांशी हायड्रोजनच्या लाल उजेडानं चमकतात आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर नेमका तोच लाल उजेड बराचसा अडवतो. म्हणून तो फिल्टर काढून टाकलेला एक सेकंडहँड कॅमेरा शोधला. घरात बोलणी खाल्ली. माझ्या बहिणीचा मुलगा सैफ तेव्हा दहा वर्षांचा होता, तो मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं. बॅटऱ्या चार्ज करणं आणि लेन्सवर दव धरलं की मला ओरडून सांगणं ही त्याची कामं.

सैफला मी या ताऱ्यांची जगभर चालणारी नावं शिकवली आणि शिकवता शिकवता मीच थक्क झालो. ती जवळजवळ सगळी अरबी. तिकांड्यातला मधला तारा अल्नीलम. मूळ शब्द अन-निजाम, अर्थ मोत्यांची माळ. आपल्याकडं निजाम म्हटलं की हैदराबाद आठवतं, इथं तो हरणाच्या पोटात बसला आहे. बाजूचे मिंटाका आणि अल्नीटाक, दोन्हींचा अर्थ कमरपट्टा. खालचा निळसर रायगल, म्हणजे रिज्ल, पाय. वरचा तांबूस बीटलज्यूस, ज्याला आपण काक्षी म्हणतो, तो मुळात यद-अल-जौजा, जौजाचा हात. युरोपात अरबी पोथ्यांची नक्कल होताना ‘य’च्या खालच्या दोन नुक्त्यांऐवजी एकच वाचला गेला, ‘य’चा ‘ब’ झाला आणि हात गेला. मक्तबमध्ये कायदा वाचताना एक नुक्ता चुकला म्हणून ज्यांनी छडी खाल्ली आहे त्यांना माझा आनंद कळेल. तिथं तर अख्ख्या युरोपचा नुक्ता चुकला आणि ती चूक आजतागायत चालू आहे.

आणि चौथा पाय, रायगलच्या डावीकडचा. त्याचं नाव सैफ. तलवार.

‘‘मामू, ये मेरा है?’’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझाच. अब्दुर रहमान अल-सूफी यांनी 964 च्या सुमाराला स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात प्रत्येक तारकासमूहाची दोन चित्रं काढली, एक आकाशात दिसतं तसं आणि एक खगोलाच्या गोळ्यावर दिसेल तसं. त्यातल्या मृगाची चित्रं मी त्याला मोबाईलवर दाखवली. पुढचे आठ दिवस पोरगं वहीवर आपल्या नावापुढं एक तारा काढत होतं.

आता त्या रात्रीकडं येतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

गेल्या वर्षी जानेवारीच्या अमावास्येला मी आणि सैफ गावापासून वीस किलोमीटरवर माझ्या एका सहकाऱ्याच्या शेतात गेलो. बालाघाटच्या डोंगराचा पायथा, हरभऱ्याचं रान, उत्तर मोकळी. ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर असतो. त्याच्याकडं ट्रॅकरचा आस रोखायला मान वाकडी करून जमिनीवर आडवं व्हावं लागतं. ते झालं, व्याधावर फोकस धरला, लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावली. इशाची नमाज बांधावरच पढलो. खगोलवाले खरी रात्र सुरू झाली असं मानतात ते सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेल्यावर. आपल्याकडच्या बहुतेक वेळापत्रकांत इशाची वेळही याच हिशेबानं धरतात. म्हणून माझ्या या छंदाला वेगळं वेळापत्रक लागत नाही. नमाज झाली की शटर सुरू.

दोन-दोन मिनिटांच्या 90 फ्रेम काढायच्या होत्या. दहा वाजून गेले असतील, साठाच्या पुढं मोजणी गेली होती, तेवढ्यात बॅटरीचे झोत अंगावर आले.

‘‘कोन हाय तिकडं?’’

चार-पाच जण होते. दोघांच्या हातात काठ्या, एकाच्या खांद्यावर खोरं. शेतीची लाईट रात्रीची होती, ती माणसं दारं धरायला निघाली होती. त्या भागात विहिरीवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जात होत्या. अंधारात मोटारसायकल, तिपाई आणि लाल दिवा लुकलुकणारं यंत्र. त्यांच्या जागी मी असतो तरी काठी घेऊनच आलो असतो.

‘‘शिक्षक आहे मी. ताऱ्यांचे फोटो काढायलोय. शेत आमच्या गुरुजींचं आहे, विचारून आलोय.’’

‘‘नाव काय?’’

मी शाळेचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. शेतमालकाचं नाव सांगितलं, त्याला फोन लावून दाखवला. त्यानं उचलला नाही. एवढं सगळं सांगितलं, फक्त विचारलं होतं ते सांगितलं नाही. बॅटरी सैफच्या तोंडावर गेली.

‘‘आन हे पोरगं?’’

सैफनं तोंड उघडलं होतं. त्याच्या आधी मी बोललो, ‘‘भाचा आहे माझा.’’

मला घाम फुटला होता. काही घडलं नव्हतं, कुणी वाकडं बोललं नव्हतं. पण अशा वेळी डोक्यात काय काय येऊन जातं ते इथले बरेच वाचक जाणतात. ज्यांच्या डोक्यात ते येत नाही, त्यांनी एवढंच समजून घ्यावं की आपलं नाव सांगावं की नाही याचा हिशेब करायला आम्हाला अर्धा सेकंद लागतो आणि तो अर्धा सेकंद फार लांब असतो.

त्यातले धोतरातले बाबा पुढं आले. ‘‘कशाचे फोटू म्हनला?’’ मी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. एका फ्रेममध्ये फारसं काही नसतं, पण तिकांड्याखालचा तेजोमेघ तेवढा दिसतो. बाबांनी पडदा पाहिला, मग आभाळ पाहिलं, मग परत पडदा. ‘‘हे तिकांडं हाय की,’’ ते म्हणाले. ‘‘आमचं म्हातारं याच्यावर मोट जुपायचं.’’ मग बॅटऱ्या विझल्या. मी मृग सांगितला, व्याध सांगितला, काक्षी सांगितली, राजन्य सांगितला. एक तरुण म्हणाला, ‘‘आमच्या ग्रुपवर टाका की गुरुजी.’’ नंबरांची देवाणघेवाण झाली. जाताना बाबा म्हणाले, ‘‘थंडी लई हाय, पोराला काहीतरी पांघरा.’’

मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं. मृग माझा आहे, व्याधही माझा. पण रायगल हा शब्द मी तोंडातून काढला नाही, अल्नीलम काढला नाही. व्याधाचंच अरबी नाव शिअरा, ते कुरआनात सूरह अन-नज्ममध्ये आलं आहे, लहानपणापासून पाठ आहे. तेही नाही. आणि चौथ्या पायाजवळ आलो तेव्हा सरळ विषय बदलला.

परतताना मोटारसायकलवर बराच वेळ सैफ काही बोलला नाही. गावाची कमान दिसली तेव्हा मागून आवाज आला, ‘‘मामू, तुमने मेरा नाम क्यूं नै बताया?’’

मी म्हटलं, ‘‘विसरलो.’’ तेरा वर्षांच्या मुलाला ही थाप कळते.

पुढचे चार-पाच दिवस मी फ्रेमा निवडत बसलो. 90 पैकी 64 चांगल्या निघाल्या. तीन बॅटऱ्यांच्या झोतात गेल्या, काही दवानं खाल्ल्या, काही वाऱ्यानं हलल्या. त्या चौसष्ट एकावर एक रचायच्या असतात. एका फ्रेममध्ये तेजोमेघाचा उजेड इतका क्षीण असतो की कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खरखरीत तो बुडून जातो. पण ती खरखर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते आणि ढग प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो. सरासरी काढली की खरखर एकमेकींना मारते. 64 फ्रेमांनी ती आठपट कमी होते आणि जे खरोखर तिथं आहे ते वर येतं. संगणकावर हळूहळू तिकांड्याच्या डाव्या ताऱ्याजवळ ज्योतीसारखा एक तेजोमेघ उमटला, आणि सगळ्या नक्षत्राला डावीकडून कवेत घेणारं लाल अर्धवर्तुळ. त्याला बर्नार्डचा फास म्हणतात. ज्योतीच्या खाली एक बारीकशी काळी खाच दिसली. तो प्रसिद्ध घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ. माझ्या फोटोत घोडा म्हणायलाही जीभ धजत नाही.

त्या खाचेचा इतिहास वाचताना मी अडखळलो. ती 1888 मध्ये हार्वर्ड वेधशाळेतल्या एका फोटोच्या काचेवर विल्यमिना फ्लेमिंग यांनी शोधली. या बाई आधी वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. पुढं काही वर्षांनी तेजोमेघांची जी यादी छापली गेली, तिच्यात या शोधापुढं फक्त पिकरिंग हे आडनाव आलं. फ्लेमिंग यांचं नाव गळलं होतं. पुढं ते दुरुस्त झालं. पण मी विचार करत होतो तो वेगळाच. त्यांचं नाव दुसऱ्यांनी गाळलं. मी सैफचं नाव गाळलं, तेही मामू असून.

तालुक्याच्या स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून आणली. सैफला पांढऱ्या शाईचं पेन दिलं आणि म्हटलं, नावं तू लिही. त्यानं सगळ्या ताऱ्यांची नावं मराठीत लिहिली, दोन-दोन. काक्षी, यद-अल-जौजा. राजन्य, रिज्ल. व्याध फोटोत बसला नव्हता, त्याच्या दिशेनं एक बाण काढून व्याध, शिअरा. तिकांड्याखाली नुसतं ‘तिकांडं’, तेवढं मी सांगितलं होतं. चौथ्या पायाला त्यानं एकच नाव लिहिलं. खालच्या कोपऱ्यात मी आम्हा दोघांची पूर्ण नावं लिहिली, आडनावासकट.

फेब्रुवारीत एका रविवारी दिवसाढवळ्या आम्ही ती घेऊन त्या बाबांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो दारात उजेडाला धरला. आधी लाल अर्धवर्तुळावर बोट ठेवलं. ‘‘हे तर मृगाच्या किड्यावानी दिसायलंय.’’ मी चार वर्षं हा लाल रंग बघतोय, हायड्रोजन, तरंगलांबी, सगळं पाठ आहे. पण पहिल्या पावसानंतर मातीतून निघणारा तो मखमली किडा मला कधी सुचला नव्हता. आभाळातल्या मृगाचा आणि मातीतल्या मृगाचा रंग एक आहे, हे एका शेतकऱ्यानंच बघायचं होतं.

मग ते कोपऱ्यातली नावं अक्षर अक्षर लावून वाचू लागले. माझं वाचलं. सैफचं वाचलं. मग वर जाऊन चौथ्या पायाजवळ थांबले.

‘‘हे बी सैफच.’’

‘‘हो,’’ सैफ म्हणाला. ‘‘वो तारा है. ताऱ्याचं नाव आहे.’’

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘मंग त्या दिशी सांगायचं की, गुरुजी.’’

एवढंच बोलले आणि चहा टाकायला सांगायला आत गेले. फोटो आता त्यांच्या घरात पंचांगाच्या कॅलेंडरशेजारी लटकतो आहे.

ही गोष्ट मी दोघा-तिघांना सांगितली तेव्हा एकानं टाळी दिली, ‘‘बघ, उगाच घाबरलास.’’ दुसरा म्हणाला, ‘‘नशीब तुझं. दुसरीकडं असतास तर कळलं असतं.’’ मला दोघांचंही पटत नाही. त्या रात्री विचारल्याबरोबर नाव सांगितलं असतं तर हेच बाबा हेच बोलले असते का, ते मला आता कधीच कळणार नाही. कळून घ्यायची संधी मीच घालवली, त्यांची आणि माझीही. एका रात्रीवरून, एका फ्रेमवरून काही ठरवता येत नाही, एवढं मला या छंदानं शिकवलंय. त्या गावात मी त्यानंतर तीनदा गेलो आहे. आता बॅटरी दिसली की मीच आधी हाक मारतो आणि नाव सांगूनच पुढं बोलतो. छाती अजूनही धडधडते. पण सांगतो.

2030 साली रमजान दोनदा येणार आहे, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटाला. त्यापुढच्या दोन-तीन वर्षांत तो मागं सरकत डिसेंबरच्या सुरुवातीला पोचेल आणि सहरीच्या वेळी तिकांडं पुन्हा पश्चिमेला दिसेल, दादी बघायची तिथं. सैफ तेव्हा विशी गाठेल. परवा त्याला गच्चीवर नेलं, त्याचा हात सरळ ताणून धरला आणि बोट आडवं केलं. तो म्हणाला, ‘‘मामू, मोबाईल में अलार्म है ना.’’

मी म्हटलं, असू दे. हात सरळ धर.